पट्टीचा झगा

आईच्या दुकानाला दुकान म्हणणं हे जरा धाडसच होतं. घराची रस्त्याकडची अर्धी खोली, एक शिलाई मशीन, एक उभा आरसा, कोपऱ्यात कड्यांवर सरकणारा पडदा, आणि दारावर बाबांनी स्वतः रंगवलेली पाटी: ‘कपडे कमी-जास्त करून मिळतील.’ नवं शिवून घेण्याची ऐपत त्या रस्त्यावर फारशी कुणाची नव्हती. लोक यायचे ते असलेल्या कपड्याला आणखी दोन वर्षं जगवायला. थोरल्याची पँट धाकट्याला, बापाचा कोट मुलाला. उसवलेलं, आखडलेलं, इस्त्रीनं करपलेलं. बायका मात्र बहुतेक एकाच कारणासाठी यायच्या. पाचवा महिना लागला की त्यांचे पाय आपोआप त्या पाटीकडे वळायचे.

टाचणीला हे सगळं मशीनच्या खालून आठवत होतं. टाचणी हे तिचं घरातलं नाव. काडीसारखी बारीक आणि बोलायला टोचरी, म्हणून आईनंच ठेवलेलं. आता ती तेहतीस वर्षांची, सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसणारी बाई होती, तरी बाबांच्या आणि मावशीच्या तोंडून ते नाव सुटलं नव्हतं. लहानपणी ती मशीनच्या पायट्याशेजारी बसून लोहचुंबकानं खाली पडलेल्या टाचण्या गोळा करायची आणि वर काय बोलणं चाललंय ते ऐकायची.

बोलणं नेहमी एकाच वाक्यानं सुरू व्हायचं. बाई, पोट दिसणार नाही असं काहीतरी करून द्या. आईच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या, त्यामुळे ती फार बोलत नसे. पण या वाक्याला मात्र ती टाचण्या काढून हातात घ्यायची आणि म्हणायची, पोट दिसणारच, त्याला माझा इलाज नाही. लोकांनी आधी काय बघायचं तेवढं आपल्या हातात आहे.

मग ती त्या बाईच्या नवऱ्याचा जुना सदरा घ्यायची आणि विरलेली कॉलर उलटी करून नव्यासारखी बसवायची. बाह्या मनगटाच्या वर आणून त्यांना पांढऱ्या पट्ट्या लावायची. छातीखालून एक बारीक फीत न्यायची, की तिथून पुढे कापड मोकळं सुटायचं. गळ्याशी एकच काहीतरी ठळक: एखादं मोठं बटण, नाहीतर जुन्या रुमालाची गाठ. रंग एकच, वरपासून खालपर्यंत, म्हणजे बाई तुटक दिसत नाही. पडद्याआडून बाहेर आलेली बाई आरशासमोर उभी राहायची आणि आधी पोटाकडे बघायची. मग नकळत नजर वर जायची, गळ्याशी, मग चेहऱ्याशी, आणि तिथे थांबायची. आई आरशात बघतच नसे. ती त्या बाईची मान बघायची. मान वर आली की काम झालं.

आणि माप ती दोनदा घ्यायची, एकदा उभं आणि एकदा बसवून. उभ्याचं लोकांसाठी, बसल्याचं आपल्यासाठी, असं तिचं म्हणणं. कापड बेतायचं ते बसल्याच्या मापावर. लोकांपुढे बाई घडीभर उभी राहते, म्हणायची, बसायचं तिला दिवसभर असतं.

तिची टेप पिवळी, मेणकापडाची, आणि पहिल्या इंचाविना होती. तो इंच टाचणीनं खाल्ला होता. दात येत असताना म्हणे तिनं टेपचं टोक पत्र्याच्या टोपणासकट चावून तोडलं होतं. पत्रा वेळीच तोंडातून काढला, कापडाचा तुकडा मात्र गेला तो गेलाच. त्यावर घरात इतक्या कोट्या झाल्या होत्या की टाचणीला स्वतःला ते आठवत असल्यासारखं वाटायचं. परीक्षेत एखादा गुण कमी पडला की बाबा म्हणायचे, इंच पचला नाही अजून. आईनं दुसरी टेप घेतली नाही. चालतंय तोवर टाकायचं नाही, हा त्या घराचा कायदाच होता.

आई गेली त्याला सात महिने झाले होते. आणि टाचणीला सातवा महिना होता. आईला बातमी सांगायला पाच आठवड्यांचा उशीर झाला, एवढंच ती कुणी विचारलं तर सांगायची. त्यापुढे बोलायची नाही.

नवरा खिडक्यांना काचा बसवायचा. गेलं वर्षभर कामं कमी झाली होती, आणि जे येत होतं त्यातलं बाळंतपणासाठी बाजूला पडत होतं. बाजारात अशा दिवसांसाठी सुंदर कपडे मिळत होते, पण तीन महिने घालायच्या झग्याची किंमत तीन वर्षं घालायच्या कोटाएवढी होती, आणि ती किंमत बघून नवरा-बायको दोघंही दुकानाच्या काचेपुढे थोडा वेळ नुसती उभी राहिली होती. काच मात्र चांगली बसवलीय, असं म्हणून नवऱ्यानं तिला पुढे नेलं.

तिनं मग आईच्या रस्त्यानं जायचं ठरवलं. नवऱ्याचे दोन सदरे ताब्यात घेतले, कॉलरी उलटवल्या. स्कर्टच्या हुकाला इलॅस्टिकचा फास लावून तो महिनाभर ढकलला, मग कमरेची पट्टी काढून जुन्या बनियनची विणलेली पट्टी जोडली. गळ्याशी आईचा एक तांबडा रुमाल. वाचनालयात एका म्हाताऱ्या वाचकानं तिला विचारलंसुद्धा, बाई, हल्ली फार टापटीप असता, काही विशेष? नवरा म्हणायचा, माझं कपाट तुझंच आहे, मला एक हँगर ठेव म्हणजे झालं.

इथवर निभावलं. पण आता पुढचा शुक्रवार समोर दिसत होता.

वाचनालयात ती सहा वर्षं हंगामी होती. दर वर्षी नेमणुकीचा कागद नवा व्हायचा. यंदा जागा कायमची भरणार होते, मुलाखत शुक्रवारी, उमेदवार चार. कागद या महिनाअखेरीला संपत होता. जागा मिळाली तर बाळंतपणाची रजा मिळणार आणि रजेनंतर परत जायला टेबल असणार. नाही मिळाली तर दोन्ही नाही. मंडळात पाच माणसं, त्यातली तीन तिला ओळखतही नव्हती. ती खोलीत शिरल्यावर त्यांना सगळ्यांत आधी काय दिसणार हे उघडच होतं. त्यांनी दुसरं काय बघायचं, हे ठरवायचं तर नवऱ्याचे सदरे पुरे पडणारे नव्हते. सातव्या महिन्यात त्यांचीही बटणं ताणायला लागली होती.

म्हणून तिनं आईचं कापड काढलं.

ते आईच्या पेटीत तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं. गर्द जांभळं, मऊ पण वजनाला जड, हातात घेतलं की पाण्यासारखं खाली ओघळणारं. आईनं ते बरीच वर्षं आधी स्वतःसाठी घेतलं होतं, कधीतरी शिवायचं म्हणून. रस्त्यावरच्या सगळ्या बायकांचे कपडे शिवता शिवता तो ‘कधीतरी’ राहूनच गेला. आईच्या हाताला लागलेलं आणि अजून न कापलेलं असं त्या घरात आता तेवढंच उरलं होतं.

मुलाखतीला आठ दिवस उरले असताना, गुरुवारी संध्याकाळी, ती मावशीकडे गेली. मावशी ही आईची धाकटी बहीण. गणवेशाच्या कारखान्यात काजं करण्यात तिचा जन्म गेला होता, आणि तिथल्या यंत्रांच्या आवाजावर मात करायची सवय लागल्यामुळे ती साधंही बोलली तरी शेजारी ऐकू जायचं. टाचणीला दारात बघून ती म्हणाली, टाचणीची पिनगादी झाली की गं. मग स्वतःच्या टेपनं तिनं माप घेतलं, उभं आणि बसवून, बहिणीच्याच पद्धतीनं. उभी त्रेचाळीस, बसून पंचेचाळीस. सैलपणाचे तीन मिळवले तर घेर अठ्ठेचाळीस. चार कळ्या, म्हणजे घेराचे उभे तुकडे, करायच्या, प्रत्येक बाराची, शिवणीला एक, म्हणजे तेरा. हे सगळं मावशीनं पाकिटाच्या मागे लिहून दिलं. कापड बेताचंच होतं. आई शिवणीत नेहमी दोन-दोन इंच राखायची, इथे एकावरच भागवावं लागणार होतं.

शनिवारी टाचणी बाबांकडे गेली. मशीन तिथेच होतं, आरसा तिथेच. खिळ्यावर आईचा कामाचा लांब एप्रन लटकत होता, निळा, धुऊन धुऊन आभाळासारखा फिकट झालेला. शेवटच्या दिवशी तिनं अडकवला तसाच. तो धुवायला घ्यायला टाचणीनं बाबांना मनाई केली होती. जाता-येता ती त्याच्याजवळून जरा हळू जायची. मशीनचं तेल, गरम इस्त्रीखालची वाफ, आणि आई. दर वेळी तो वास थोडा कमी.

तिनं टेबलावर कापड पसरलं, आईची टेप घेतली, आईचा खडू घेतला, आणि पाकिटावरचे आकडे तीन-तीनदा वाचून चार कळ्या कापल्या. संध्याकाळपर्यंत कच्च्या टाक्यांनी सगळा झगा उभा राहिला.

रविवारी दुपारी मावशी बघायला आली. बाबा कोपऱ्यात वर्तमानपत्र घेऊन बसले होते. टाचणी पडद्याआड गेली आणि झगा घालून बाहेर आली. अंगासरसा बसला होता, तिच्या मनात होता त्यापेक्षा थोडा जास्तच. पण तो जांभळा रंग, आणि छातीखालून उतरणाऱ्या त्या चार कळ्या! आरशात तिची नजर पोटावर गेली, मग वर आली, आणि थांबली. बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि थोड्या वेळानं परत वर केलं.

“छान,” मावशी म्हणाली. “आता बस.”

टाचणी स्टुलावर बसली. बगलेपासून कमरेखालपर्यंत दोन्ही बाजूंचे कच्चे टाके एका दमात सुटले. सुटताना त्यांचा आवाज झाला, सगळ्यांना ऐकू येईल एवढा.

टाचणी उठली, पडद्याआड गेली, झगा उतरवला आणि बाहेर येऊन त्याची घडी घालायला लागली. तिच्या आवाजात काही फरक नव्हता. ती म्हणाली, तीन दिवसांत वाढले असेन. मी सदराच घालून जाते. आणि ते पेटीतलं वर्तमानपत्र कुठे ठेवलंय ते बघायला लागली, जणू कापलेलं कापड त्यात परत गुंडाळलं की पुन्हा न कापलेलं होणार होतं.

तीन दिवसांत माणूस चार इंच वाढत नाही, असं म्हणून मावशीनं तिच्या हातातून झगा घेतला. एक कळी टेबलावर सपाट केली आणि पिशवीतून आपली टेप काढून तिच्यावर ठेवली.

“तेरा घेतलेस ना?”

“तेराच घेतले. तीनदा मोजले.”

“बारा आहेत.”

मग मावशीची नजर टेबलाच्या कडेला गेली. तिथे पिवळी टेप पडली होती, चावलेलं टोक वर करून. टाचणीनंही बघितलं. काखेत कळसा म्हणतात तो हा. जन्मभर ज्याच्यावर कोट्या ऐकल्या तो इंच नेमका काल दुपारी ती विसरली होती. चार कळ्या, चार इंच.

“पण आईचं कधी चुकलं नाही,” ती म्हणाली. “याच टेपनं तिनं अख्ख्या रस्त्याला शिवलं.”

मावशीनं पिवळी टेप उचलली, आणि कापडाच्या कडेला आधी आपला अंगठा आडवा ठेवला, नखापासून पहिल्या पेरापर्यंत. त्या पेराशी टेपचं चावलेलं टोक टेकवलं आणि तिथून टेप सोडली. हे असं धरायची तुझी आई, ती म्हणाली.

टाचणीनं ते हजारदा पाहिलं होतं. टेप धरायची तेवढीच एक तऱ्हा असते, असंच तिला वाटत आलं होतं. आईनं माप घेणं म्हणजे कमरेवर तिचा गार अंगठा, हे तिच्या अंगाला पाठ होतं. पण तो तिथे कशासाठी असतो हे तिनं कधी विचारलं नव्हतं. खाल्लेला इंच एवढी वर्षं आईच्या अंगठ्यात होता. टेप पेटीत राहिली, अंगठा राहिला नाही.

तोंड फिरवून ती खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिली. मागे मावशी हसायला लागली. आधी दाबून, मग दाबेना म्हणून मोठ्यानं, शेवटी डोळे पुसत. टाचणीला क्षणभर तिचा राग आला.

“अगं, तुला नाही हसत,” मावशी म्हणाली. “त्या फोटोकडे बघ.”

आरशाच्या वर आईचा फोटो होता. तो तिथे कायमचाच होता, दुकानाची जाहिरात म्हणून. मावशीच्या लग्नातला. आईला सहावा महिना, म्हणजे टाचणीच्या धाकट्या भावाच्या वेळचा. कडेवर दीड वर्षाची टाचणी. आणि अंगात तो झगा: गडद तपकिरी, आणि दोन्ही बाजूंना बगलेपासून गुडघ्यापर्यंत सायीच्या रंगाची एकेक रुंद पट्टी. त्या फोटोनं त्या रस्त्यावर एक काळ गाजवला होता. बायका आरशात बघायच्या आधी फोटोकडे बोट दाखवायच्या: मला असाच, पट्टीचा झगा. आई सांगायची, शहरात सध्या असंच चाललंय. पोट वाढलं की नुसती पट्टी बदलायची, झगा तोच. टाचणीच्या डोळ्यांपुढे आईचं जे रूप होतं ते हेच. पैसा नसताना, कडेवर एक आणि पोटात एक असताना, काहीतरी नवंच सुचलेली आणि मान ताठ ठेवून उभी असलेली.

“सुचतंय कसलं,” मावशी म्हणाली. “चुकलं होतं ते.”

आणि तिनं सांगितलं. टाचणीनं टेप चावली त्यानंतरचा हा पहिलाच मोठा कपडा. लग्नाला दोन दिवस उरलेले. नवरी मी, आणि माप हिचं घेत बसलेले, माझ्या टेपनं. हिनं घरी येऊन ह्या चावक्या टेपनं कापलं, इंच विसरून. आदल्या दिवशी घालून बघायला गेली तर बाजू एकमेकींना भेटेनात. कापड संपलेलं, दुकानं बंद व्हायला आलेली. तुझ्या आईनं किती वेळ डोकं धरलं असेल? चहा निवायच्या आत ती उठली होती. दुसऱ्या दिवशी माझ्या सासरची माणसं नवरीला सोडून हिलाच विचारत होती, ही पद्धत कुठली म्हणून. त्या दिवसापासून तिनं अंगठा ठेवायला सुरुवात केली. आणि मला शपथ घातली. बत्तीस वर्षं मी ताकास तूर लागू दिली नाही.

“पण पट्ट्या कशाच्या? कापड तर संपलं होतं ना?” टाचणीनं विचारलं.

मावशीनं कोपऱ्याकडे बघितलं.

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. बाबांच्या चेहऱ्यावर, बत्तीस वर्षांनी एखादं बेरीज-वजाबाकीचं गणित सुटावं तसा भाव होता.

“माझा सायीच्या रंगाचा सदरा,” ते म्हणाले.

त्यांनी तो खास त्या लग्नासाठी घेतला होता. सकाळी घालायला गेले तर त्याला पाठच नव्हती. पुढचा भाग, कॉलर, मनगटं, सगळं जागच्या जागी, मागे भगदाड. बायको म्हणाली, इस्त्रीनं जळला, वरून कोट घाला, कुणाला कळत नाही. लग्नाच्या दिवशी उकाड्यानं जीव चालला होता. मांडीला मांडी लावून बसलेले सगळे पुरुष कोट काढून बसले, आणि हे एकटे गळ्यापर्यंत बटणं लावून. कोट काढाल तर बघा, असं तिनं डोळ्यांनी तीनदा बजावलं होतं.

“आणि माझ्यासमोर दिवसभर त्या पट्ट्या मिरवत होती,” बाबा म्हणाले. “मी तिला म्हटलंसुद्धा, झगा छान झालाय.”

“मग काय म्हणाली?”

“म्हणाली, तुमच्यामुळेच.”

आई गेल्यावर त्या खोलीत पहिल्यांदाच तिघं एकदम हसली. मग बाबा उठून आत गेले, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि ते आपला त्यातल्या त्यात चांगला सदरा घडी न मोडता दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आले. घे, म्हणाले, आता कोट घालायचा प्रसंग येत नाही मला.

मावशीनं सदरा कापडाशेजारी धरला. चौकडीचा होता. भाऊजी, तुमची भावना पोचली, पण पोरगी मुलाखतीला निघालीय, सर्कशीत नाही, ती म्हणाली. मग चिंध्यांची पिशवी उपडी केली. रंग होते, पण लांबी कुणातच नव्हती. बगलेपासून खालपर्यंत चाळीस इंच सलग लागणार होते. जोड दिला असता तर तो दिसला असता.

टाचणीला ते आधीच दिसलं होतं. मावशीलाही दिसलं असावं, कारण ती त्या भिंतीकडे सोडून सगळीकडे बघत होती. एप्रन लांब होता. त्याचा फिकट निळा त्या जांभळ्याशेजारी कसा दिसेल हे ठरवायला जवळ धरून बघायचीही गरज नव्हती.

ती बराच वेळ टेबलाशी उभी राहिली. पोटातलं मूल एकदा वळलं. मग तिनं जाऊन खिळ्यावरून एप्रन काढला.

खिशात खडूची एक चपटी ढलपी, तीन टाचण्या आणि खोकल्याची एक गोळी होती. गोळी तिनं परत खिशात ठेवली. एप्रन चेहऱ्याशी न्यावा असं वाटलं, पण ते केलं तर आपण कापणार नाही हे तिला ठाऊक होतं. तिनं तो टेबलावर पसरून हातानं सारखा केला. मावशीनं कात्री तिच्यापुढे सरकवली आणि स्वतः एक पाऊल मागे सरली. माझा हात नाही चालायचा, ती म्हणाली.

“कुठल्या टेपनं मापू?”

“कुठल्याही. पण हिच्यानं मापलंस तर अंगठा ठेव.”

तिनं पिवळी टेप घेतली. मावशीच्या टेपवर आधी आपला अंगठा ठेवून बघितला. आईच्यापेक्षा केसभर आखूड होता. म्हणजे टोक पेराच्या जरासं पुढे धरायचं. खिशातल्या खडूनं तिनं रेघा ओढल्या आणि कापलं. दोन पट्ट्या, चार-चार इंचांच्या, शिवण जाऊन तीन-तीन उरतील अशा. अजून दोन महिने वाढायचं होतं. उरलेला एप्रन, खिसा शाबूत, तिनं परत खिळ्यावर अडकवला. तो आता अरुंद, लहान मुलाचा असावा तसा दिसत होता.

मशीनवर ती स्वतः बसली. मावशी बाजूला बसून इस्त्री करत राहिली आणि मधूनमधून, न विचारता, सल्ले देत राहिली. चार वाजता बाबांनी चहा केला. त्यात साखर घालायची राहिली होती. कुणी सांगितलं नाही.

शुक्रवारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या बोळात चौघं उमेदवार बाकावर बसले होते. टाचणीनं झग्यावर गळ्याशी आईचं एक मोठं शिंपल्याचं बटण लावलं होतं, बाह्यांना त्याच निळ्याची बारीक पट्टी, आणि बुटांना नवऱ्यानं सकाळी स्वतः पॉलिश केलं होतं, काचेसारखं. नावं पुकारणारी कारकून, दुसऱ्या शाखेतून त्या दिवसापुरती आलेली एक तरुण मुलगी, यादी हातात धरून दोनदा तिच्यासमोरून गेली. तिसऱ्यांदा थांबली आणि हळूच तिनं विचारलं, या बाजूच्या पट्ट्या, ही पद्धत कुठली?

टाचणीच्या तोंडी खरं उत्तर आलं होतं. पण तिनं मान सरळ केली.

“सध्या असंच चाललंय,” ती म्हणाली.

आत पाच जण होते. सगळ्यांच्या नजरा आधी जिथे जायच्या तिथेच गेल्या, मग पट्टीवरून वर सरकल्या, बटणाशी आल्या, आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी तिला बसायला सांगितलं. खुर्ची जरा खोलच होती. ती बसली. कापड तिच्याबरोबर बसलं, कुठेही न ओढता. मधल्या बाईंनी विचारला तो प्रश्न तिला आठवडाभर अपेक्षितच होता: दोन महिन्यांत रजेवर जाणाऱ्या माणसाला आम्ही आत्ता का घ्यावं? तिनं सांगितलं, की ती सहा वर्षं दर वर्षी जाणारच म्हणून नेमली गेली आणि दर वर्षी राहिली. यंदा फक्त परत कधी येणार तेही सांगून जाईल. त्यातले दोघं हसले. मग पुस्तकांविषयी बोलणं झालं, आणि तिथे तिला कुणाची भीती नव्हती.

अकराव्या दिवशी पत्र आलं. जागा तिची होती. तिनं ते आधी बाबांना वाचून दाखवलं, मग मावशीला, आणि मग थोडा वेळ कुणाला सांगायचं राहिलंय असं वाटत ती पत्र हातात धरून बसली.

झगा शेवटपर्यंत पुरला. बाळंतपणाला जायच्या दिवशीही तिच्या अंगावर तोच होता.

मुलगी चार महिन्यांची झाली तेव्हा एका रविवारी बाबांच्या घराचं दार वाजलं. वाचनालयाच्या बोळातली ती कारकून मुलगी होती. हातात पिशवी, पिशवीत नवऱ्याचे दोन जुने सदरे. पत्ता मावशीनं दिला होता, मुलाखतीच्या दिवशी टाचणीला न्यायला आली होती तेव्हा. पट्ट्यांचं कौतुक ऐकून मावशीला राहवलं नव्हतं, एवढंच. पाचवा लागलाय, ती म्हणाली, आणि पुढे म्हणाली, जरा पोट दिसणार नाही असं काहीतरी...

टाचणीनं बाळाला आजोबांच्या मांडीवर दिलं. टेबलावरून पिवळी टेप घेतली, अंगठ्याचं पेर टोकाशी ठेवलं, आणि त्या कारकून मुलीच्या कमरेभोवती टेप फिरवली. तिनं मान खाली करून बघितलं.

“हिचा पहिला इंच कुठे गेला?”

“मी खाल्ला,” टाचणी म्हणाली. तिनं आकडा लिहून घेतला आणि स्टूल पुढे सरकवलं. “आता बसा. बसल्याचंही घ्यायचंय.”